डॉट मॅट्रिक्स जोडताय? आधी केबल बघा, मग प्रिंटरला नावं ठेवा

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढली की आडतीवरून फोन येतोच, प्रिंटर बंद पडलाय, हिशोबाच्या पट्ट्या निघेनात, शेतकरी ताटकळलेत. जाऊन बघावं तर बहुतेक वेळा प्रिंटर ठणठणीत असतो, केबलच नीट बसलेली नसते.

पॅरलल म्हणजे एकाच वेळी अनेक बिट नेणारी जुनी प्रिंटर केबल, तिचं कॉम्प्युटरकडचं टोक २५ पिनांचं, प्रिंटरकडचं ३६ चं, त्याला सेंट्रॉनिक्स म्हणतात. दोन्ही मशीन बंद करूनच लावा, चालू असताना ओढाओढ केली तर पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, जळू शकतो. कॉम्प्युटरकडं स्क्रू आवळा, प्रिंटरकडं तारेच्या दोन्ही क्लिपा टक्क आवाज येईपर्यंत बसवा, एकच क्लिप लावली की केबल वजनानं तिरकी होते आणि मग मधेच प्रिंट थांबतं. साधी केबल ३ मीटरच्या आत ठेवा.

मग आधी प्रिंटर एकटाच तपासा. एप्सन एलएक्स ३०० असेल तर कागद घाला, लाइन फीडचं बटन दाबून धरा आणि पॉवर चालू करा, अक्षरांच्या ओळी नीट उमटल्या तर प्रिंटर चांगला आहे, शोध पुढं केबल, पोर्ट आणि ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) घ्यायचा. ड्रायव्हरमध्ये पोर्ट एलपीटी१, म्हणजे कॉम्प्युटरचा पहिला पॅरलल पोर्ट, निवडलाय का बघा.

सीरियल जोडणीचं जरा किचकट आहे पण केबल १५ मीटरपर्यंत नेता येते, म्हणजे वजनकाटा एकीकडं आणि ऑफिस दुसरीकडं असेल तर हेच सोयीचं. इथं डेटा एकेक बिट करून जातो म्हणून दोन्हीकडचं सेटिंग सेम पाहिजे, उदाहरणार्थ ९६०० बॉड (डेटा पाठवायचा वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. कागदावर पट्टीऐवजी चित्रविचित्र चिन्हं आली तर आधी बॉड रेट तपासा. सुरुवात बरोबर आणि पुढच्या ओळी गायब असतील तर हँडशेक, म्हणजे 'थांब, पाठव' असा दोघांमधला इशारा, चुकलाय, प्रिंटरची मेमरी भरली तरी कॉम्प्युटर पाठवतच राहतो.

नवीन कॉम्प्युटरला हे पोर्टच नसतात म्हणून लोक यूएसबी ते पॅरलल कन्व्हर्टर आणतात. विंडोजमधून प्रिंट येतं पण जुनं डॉसवालं बिलिंग गप्प, कारण ते एलपीटी१ शोधतं आणि कन्व्हर्टर वेगळाच यूएसबी पोर्ट बनवतो. त्यावर उपाय, प्रिंटर शेअर करा आणि नेट यूज (net use) कमांडनं एलपीटी१ त्या शेअरला जोडा, शेवटी पर्सिस्टंट यस (/persistent:yes) टाकायला विसरू नका नाहीतर सकाळी कॉम्प्युटर चालू केला की पुन्हा तेच रडगाणं.