नेक सुटी होणारी कार्बन फायबर गिटार घेताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात राहणाऱ्या गिटारवादकाला दोन गोष्टींशी कायमचे जुळवून घ्यावे लागते: खाडीवरून येणारी दमट हवा आणि गर्दीतला प्रवास. कार्बन फायबर पहिल्या अडचणीवर उपाय देते, तर सुटी होणारी नेक, म्हणजे गिटारची लांब मान, दुसरीवर. हे दोन्ही उपाय एकाच वाद्यात आले की तिसरा प्रश्न उभा राहतो तो नेक आणि बॉडी यांच्या सांध्याचा, आणि माझ्या मते या खरेदीतल्या बहुतेक चुका त्या सांध्याकडे दुर्लक्ष केल्यामुळेच होतात. ग्राहक कार्बनची वीण पाहतो, वजन पाहतो, दोन कॉर्ड वाजवून पाहतो. सांधा मात्र उघडून पाहत नाही.

गरज न तपासता सुटी नेक मागणे

ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला क्लासला जाणे, कोकणकन्येने गावी जाणे किंवा घरच्या गाडीतून लोणावळ्याला जाणे एवढाच प्रवास असेल, तर नेक सुटी होणाऱ्या गिटारची गरज नाही. लोकलच्या डब्यात गिटार उभी धरता येते आणि लांब पल्ल्याच्या गाडीत ती वरच्या बर्थवर सहज राहते. अशा वापरासाठी एकसंध, लहान बॉडीची कार्बन गिटार अधिक विश्वासाची, कारण तिच्यात ढिले पडण्यासारखा सांधाच नसतो. सुट्या नेकचे खरे प्रयोजन विमानप्रवास हे आहे. उलव्याचा नवा विमानतळ सुरू झाल्यामुळे हा विचार आता अधिक लोकांच्या मनात येतो, हे स्वाभाविक आहे. परंतु वर्षातून एखादे उड्डाण करणाऱ्याने त्यासाठी वर्षभर सांध्याची देखभाल ओढवून घेऊ नये.

माप फक्त बॉडीचे पाहणे

देशांतर्गत विमानांत केबिन बॅगेसाठी साधारणपणे ७ किलो वजन आणि लांबी, रुंदी व उंची मिळून ११५ सेंटिमीटर ही मर्यादा असते. ती कुठे ५५ × ३५ × २५ अशी, तर कुठे ५५ × ४० × २० अशी मांडलेली आढळते. परदेशी उत्पादक बहुधा २२ × १४ × ९ इंच हे माप डोळ्यांसमोर ठेवतात. त्याची बेरीज ११४.३ सेंटिमीटर भरते, म्हणजे एकूण मर्यादेत ते बसते. पण २२ इंच म्हणजे ५५.९ सेंटिमीटर, हे काटेकोर मोजमाप करणाऱ्या काउंटरवर लक्षात ठेवावे.

खरी गफलत नेकच्या लांबीत होते. पूर्ण ६४८ मिलिमीटर स्केलच्या (तारेच्या मोकळ्या लांबीच्या) गिटारमध्ये नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) चौदाव्या फ्रेटपर्यंतचे (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंतचे), म्हणजे नेक बॉडीला मिळते तिथपर्यंतचे अंतर सुमारे ३६ सेंटिमीटर असते. त्यात १८ सेंटिमीटरचा हेडस्टॉक (खुंट्या असलेले टोक) मिळवला की ५४ सेंटिमीटर होतात, आणि इथपर्यंत सारे ठीक वाटते. परंतु बॉडीवर येणारा फ्रेटबोर्डचा भाग नेकसोबतच निघत असेल, तर विसाव्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे ४४ सेंटिमीटर होते आणि सुट्या नेकची लांबी ६२ सेंटिमीटरवर जाते. अशी नेक ५५ सेंटिमीटरच्या बॅगेत सरळ राहत नाही. ५५ × ३५ च्या बॅगेचा कर्ण सुमारे ६५ सेंटिमीटर असल्याने ती तिरकी ठेवता येईलही, पण मग बॉडीला जागा उरते का, हे पाहावे लागते. म्हणून विक्रेत्याला तीन मापे लेखी विचारावीत: सुट्या नेकची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, बॉडीची सर्वांत मोठी लांबी, आणि दोन्ही भाग भरलेल्या बॅगेची बाहेरची मापे. ‘केबिनमध्ये बसते’ हे वाक्य माप नव्हे.

वजनाची अडचण सहसा येत नाही, कारण अशी गिटार दीड ते दोन किलोंच्या आसपास असते. अडचण येते ती नगांच्या संख्येची. गिटारची बॅग हीच तुमची केबिन बॅग ठरते आणि कपड्यांची बॅग चेक-इनमध्ये द्यावी लागते. एटीआरसारख्या लहान विमानातले वरचे कप्पे अरुंद असतात, त्यामुळे तिथे मापात बसणारी बॅगही दारापाशी काढून घेतली जाण्याची शक्यता गृहीत धरावी.

‘कार्बन’ या शब्दावर विसंबणे

बाजारात या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे कार्बनचे विणलेले कापड इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून साच्यात घडवलेली बॉडी. दुसरी म्हणजे पॉलिकार्बोनेटमध्ये कार्बनचे बारीक तंतू मिसळून इंजेक्शन मोल्डिंगने केलेली बॉडी. ही वाईट असते असे मुळीच नाही, पण तिचा ताठपणा आणि आवाज निराळा असतो आणि किंमतही कमी असायला हवी. तिसरी म्हणजे प्लॅस्टिकवर किंवा फायबरग्लासवर छापलेली काळी वीण. साउंडहोलच्या आतल्या कडेला रेझिनचा थर नसलेली जागा सापडली, तर मल्टिमीटर लावून पाहावा, कारण कार्बनच्या धाग्यातून वीज वाहते आणि छापील नक्षीतून वाहत नाही. मात्र वर रेझिनचा अखंड थर असेल, तर खरे कार्बनही या चाचणीत गप्प राहते.

याहून महत्त्वाचा प्रश्न नेकचा आहे. बॉडी कार्बनची आणि नेक लाकडाची, अशी संमिश्र रचना काही नामांकित उत्पादकही करतात. अमेरिकेतील क्लोस या कंपनीने अशी हायब्रिड आणि पूर्ण कार्बनची, अशा दोन्ही गिटारी विकल्या आहेत. लाकडी नेकची गिटार घेऊ नये असे नाही. पण मग पावसाळ्यात घराची दारे जशी फुगतात, तशी ती नेकही थोडीफार हलणारच, आणि ‘कार्बन असल्याने सेटअप (नेकचा वाक आणि तारांची उंची जुळवणे) लागत नाही’ ही समजूत तिला लागू पडत नाही. उलट, पूर्ण कार्बनच्या काही नेकमध्ये ट्रस रॉड (नेकचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) नसतो. ती नेक सहसा हलत नाही, पण कारखान्यातूनच वाक चुकीचा आला असेल, तर तो सुधारण्याचा सोपा मार्गही उरत नाही. ट्रस रॉड आहे का आणि तो कुठून फिरवायचा, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीचा आहे.

सांधा न तपासणे

सर्वसाधारण बारा-त्रेपन्न गेजच्या (जाडीच्या) सहा स्टीलच्या तारा सुरात असताना नेकवर सुमारे ७० किलोंहून अधिक ओढ असते. ही सारी ओढ सांध्याने पेलायची असते आणि प्रत्येक वेळी जोडताना तो त्याच जागी परत बसायला हवा. इथे फार सूक्ष्म अंतराला महत्त्व येते. हीलची (नेक बॉडीला टेकते त्या बुडाची) उंची ८० मिलिमीटर आहे असे समजू. नेक आणि बॉडी यांच्यामध्ये हीलच्या तळाशी एक दशांश मिलिमीटर फट राहिली, तर ६४८ मिलिमीटर स्केलवर नट सुमारे साडेचार दशांश मिलिमीटर वर उचलला जातो आणि बाराव्या फ्रेटवर तारांची उंची जवळपास दोन दशांश मिलिमीटरने वाढते. कागदाच्या जाडीएवढी फट बोटांना जाणवते ती या हिशोबाने. धुळीचा कण, रेझिनचा ओघळ किंवा तुटलेल्या तारेचा तुकडा खाचेत अडकला, तरी एवढे पुरते.

म्हणून दुकानात किंवा जुनी गिटार विकणाऱ्याच्या घरी पुढीलप्रमाणे तपासणी करावी. गिटार पूर्ण सुरात आणावी आणि बाराव्या फ्रेटवर पहिल्या व सहाव्या तारेची उंची स्टीलच्या पट्टीने मोजावी; बारीक तारेखाली १.८ आणि जाड तारेखाली २.४ मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल, तर ते वाजवण्यास सोयीचे मानले जाते. त्यानंतर विक्रेत्याकडून नेक काढून घ्यावी, जोडून घ्यावी, पुन्हा सुरात आणून तीच मोजणी करावी, आणि हे सारे आणखी एकदा करावे. आकडे दर वेळी बदलत असतील, तर ती गिटार घेऊ नये, मग तिचा आवाज कितीही गोड असो. तारा ताणलेल्या असताना हीलच्या कडेने साध्या कागदाची पट्टी आत सरकते का, हेही पाहावे. विक्रेता कंटाळेल, त्याला कंटाळू द्यावे.

सांध्याची पद्धतही विचारात घ्यावी. जर्नी इन्स्ट्रुमेंट्सच्या ओव्हरहेड मालिकेसारख्या गिटारी रोजच्या जोडणीसाठीच रचलेल्या आहेत. याउलट अ‍ॅलन कीने (षटकोनी पान्याने) कसायच्या बोल्टची रचना सांधा घट्ट धरते, पण पाना सोबत बाळगावा लागतो आणि तो सुरक्षा तपासणीत अडवला जाण्याचा धोका असतो. तो चेक-इन बॅगेत टाकणे शहाणपणाचे. बोल्ट ज्यात शिरतो, ती धातूची आटे असलेली बाही बॉडीत पक्की बसली आहे का, हे नखाने हलवून पाहावे. वारंवार उघडझाप होणाऱ्या गिटारमध्ये आधी झिजते ती हीच.

जोडल्यानंतर बझ (तारेची खरखर) येत असेल तर

पहिली चूक म्हणजे लगेच ट्रस रॉडला हात घालणे. आधी तारा पूर्ण ढिल्या कराव्यात, नेक काढावी, सांध्याच्या दोन्ही बाजू कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात आणि नेक पुन्हा नीट बसवावी. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. तरीही बझ राहिला, तर तो कुठे येतो ते पाहावे. केवळ मोकळ्या तारेवर येत असेल, तर नटची खाच खोल झाली आहे. सुरुवातीच्या काही फ्रेटवर येत असेल, तर नेक मागे वाकली आहे. एकाच जागी येत असेल, तर पुढचा फ्रेट उंच आहे, आणि बाराव्याच्या पुढे येत असेल, तर सांध्याच्या कोनाकडे संशयाने पाहावे. कोणत्याही सुराला आतून खडखड येत असेल, तर ती तारांची नसून लॅचची (नेक जागी धरणाऱ्या खटक्याची), पिकअपच्या वायरची किंवा बॅटरीच्या कप्प्याची असू शकते. बॉडी आणि लॅच एकेक बोटाने दाबून वाजवले की खडखडीचा मालक सापडतो.

सूर टिकत नाही ही दुसरी तक्रार. तारा दर वेळी ढिल्या केल्याने त्या खुंटीवर वेटोळे बदलतात, नटच्या खाचेत अडकतात आणि त्याच जागी वारंवार वाकून लवकर तुटतात. नेक सोडवण्यापूर्वी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तारा फ्रेटबोर्डला धरून ठेवाव्यात, म्हणजे त्या गुंतत नाहीत. नटच्या खाचेत पेन्सिलच्या शिशाची पूड लावणे हा जुना उपाय इथेही चालतो. सुरात आणल्यावर नेकला हलका दाब देऊन सोडावे. सूर मूळ जागी परत येत नसेल, तर दोष तारांचा नसून सांध्याचा आहे. तारांवर ताण असताना लॅच उघडण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये.

दमट हवेचा धोका संपला असे समजणे

कार्बन गिटारची कल्पना दमट प्रदेशातच रुजली. रेनसाँग गिटारीचे जनक जॉन डेकर यांनी हवाईतील माउई बेटावर हा प्रयोग केला, तो तिथल्या हवेत लाकडी वाद्ये टिकेनात म्हणून. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैत ती ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे सीवूड्स किंवा बेलापूरसारख्या खाडीलगतच्या भागात कार्बनचा फायदा खरा आहे. परंतु तारा, फ्रेट, बोल्ट आणि खुंट्या धातूच्याच असतात. शिवाय कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकून खारट ओलाव्यात राहिले, तर विद्युत-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम वेगाने खराब होते. म्हणून सांध्याचा धातू स्टेनलेस स्टीलचा आहे ना, याची खात्री करावी. पावसात भिजलेल्या गिगबॅगेत गिटार तशीच ठेवणे ही इथली नेहमीची चूक. बॅग रिकामी करून वाळवावी आणि सांध्याची खाच पुसून घ्यावी.

उन्हाची गोष्ट वेगळी. उन्हात बंद असलेल्या गाडीचे आतले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते आणि साध्या तापमानाला घट्ट केलेले इपॉक्सी साधारण ५० ते ७० अंशांदरम्यान मऊ पडू लागते; ब्रिज आणि फ्रेटबोर्ड चिकटवणारा गोंदही याच टप्प्यात हार मानू शकतो. भट्टीत घट्ट केलेले रेझिन अधिक तग धरते, पण आपल्या गिटारचे कोणते, हे क्वचितच कळते. घोडबंदर रोडवर उन्हात गाडी लावून गिटार मागच्या सीटवर ठेवायचीच असेल, तर निदान तारा ढिल्या कराव्यात.

दुरुस्तीचा आणि आयातीचा विचार न करणे

कार्बन बॉडीला लाकडासारखी खोक पडत नाही. तिचे थर आतून सुटतात आणि बाहेरून केवळ एक ओरखडा दिसतो. जुनी गिटार घेताना नाण्याने सर्वत्र हलके टिचकावून ऐकावे. एखाद्या जागी आवाज अचानक बद्द झाला, तर तिथे थर सुटलेले असू शकतात. लाकडी गिटारचा कारागीर कितीही निष्णात असला, तरी गोंद आणि शिकंजा हे त्याचे नेहमीचे उपाय इथे लागू पडत नाहीत, आणि घरी पॉलिश पेपरने घासणे तर टाळावेच, कारण कार्बनची धूळ त्वचेला व श्वासमार्गाला त्रास देते.

परदेशातून मागवताना संकेतस्थळावरील किमतीवर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी खर्च चढतो. वॉरंटीत वाद्य परत पाठवण्याचा खर्च कोणी करायचा, हेही त्याच वेळी लेखी विचारून घ्यावे. त्याच पार्सलमध्ये सांध्याच्या बोल्टचा किंवा लॅचचा एक जादा संच, तसेच सॅडलचा (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीचा) एक जादा तुकडा मागवावा. या मापाचा बोल्ट नौपाड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेलच असे नाही, आणि तोच एकटा मागवला तर त्याच्या किमतीपेक्षा कुरिअरचा खर्च अधिक होतो.