पुण्याहून लेहला गाडीने: बॅग भरण्याआधीची यादी

आधी कॅलेंडर काढा, गाडीचं बोनेट नंतर उघडू. पुणे ते लेह एका बाजूने अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. मनालीमार्गे थोडं कमी, श्रीनगरमार्गे थोडं जास्त. सपाटीवर दिवसाला पाच-सहाशे किलोमीटर होतात, तेही पहाटे पाचला घर सोडणाऱ्यांचे. वडोदरा, अजमेर, अंबाला, जम्मू असे मुक्काम धरले तर पाचव्या दिवशी श्रीनगर. पुढे कारगिलला एक रात्र आणि सातव्या संध्याकाळी लेह. तिथे दोन दिवस काहीही न करता बसायचं, मग नुब्राचे दोन, पँगाँग आणि हानलेचे तीन, मनालीकडे उतरायला दोन आणि मनालीहून पुणे चार. वीस झाले. यात गाडी बंद पडलेली नाही, रामबनला दरड कोसळलेली नाही आणि कोणाचं पोट बिघडलेलं नाही. या तिन्हींपैकी एक तरी होतंच, म्हणून तीन दिवस राखीव. एकूण तेवीस.

बहुतेकांच्या हातात असते दोन आठवड्यांची रजा, मागे-पुढे शनिवार-रविवार चिकटवून सोळा दिवस. सोळात हा प्रवास बसवणारे लोक आहेत. ते बसवतात कसा, तर लेहचे दोन विश्रांतीचे दिवस कापून आणि राजस्थानातून रात्री गाडी हाणून. माझं मत स्पष्ट आहे: वीसच्या खाली दिवस असतील तर पुण्याहून गाडी काढू नका. विमानाने श्रीनगर गाठा आणि तिथून टॅक्सीने सोनमर्ग, द्रास, कारगिल करत चढा. बघण्यासारखा सगळा रस्ता तेवढ्यात येतो, चुकतो तो फक्त गुजरात-राजस्थानचा हायवे. बाइकवाल्यांना झेलम एक्सप्रेस आहे. पार्सलला बाइक टाकायची, टाकी रिकामी करून द्यावी लागते, आणि जम्मूला उतरवून घ्यायची. यात कमीपणा काही नाही, ग्रुपवर कोणी काहीही म्हणो.

दिवस जमत असतील तर महिना बघा. शाळेची मुलं बरोबर असतील तर मे अखेर ते जूनचा मध्य एवढीच खिडकी उरते. तेव्हा मनाली-लेह रस्ता नुकताच उघडलेला असतो, कधी उघडलेलाही नसतो, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधून वितळलेलं पाणी. अशा वेळी जाणं-येणं दोन्ही श्रीनगरकडून धरा. जुलै-ऑगस्ट हिमाचलात दरडींचे महिने. २०२३ च्या जुलैत बियासने मनालीचा हायवे ठिकठिकाणी खाऊन टाकला होता. त्याच दिवसांत अमरनाथ यात्रेमुळे जम्मू ते सोनमर्ग वाहतुकीवर वेळेची बंधनं असतात. सप्टेंबर सगळ्यात चांगला: पाऊस सरलेला, ओढ्यांचं पाणी उतरलेलं, आकाश स्वच्छ. पण पुणेकराचा सप्टेंबर म्हणजे गणपती. घरचा दीड दिवसाचा असेल तर प्रश्न नाही, दहा दिवसांचा असेल तर विसर्जनानंतर निघा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परत फिरा. दिवाळीच्या सुट्टीत मनाली-लेहचा बेत आखणाऱ्याने नकाशावर बारालाचा ला ('ला' म्हणजे खिंड) एकदा बोट ठेवून बघावा. सोळा हजार फुटांवरचा घाट आहे, त्या सुमारास तो कधीही बंद होतो.

आता माणसं. या बाबीवर सगळ्यात कमी बोललं जातं आणि बेत सगळ्यात जास्त इथेच फसतो.

आपल्याकडे उंचीचा सराव करता येत नाही. सिंहगड दर रविवारी चढत असाल तर पाय आणि दम तयार होतील, उत्तमच, पण महाराष्ट्रातलं सर्वात उंच टोक कळसूबाई, १,६४६ मीटर. लेह शहरच ३,५०० मीटरवर आहे, आणि मनालीच्या रस्त्यावरचा तांगलांग ला ५,३२८. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे तब्येत बघून सांगता येत नाही. मॅरेथॉन धावणारा भाचा आडवा पडतो आणि सासूबाई मजेत चहा पितात, असं होतं. वैद्यकीय सल्ला साधारण असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. मनालीच्या रस्त्याने हा नियम पाळणं अवघड आहे. मनाली दोन हजार मीटरवर, वाटेतला मुक्काम सरचू ४,२९० वर. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, रोहतांगचा घाट टळला, आणि आता उत्साही मंडळी सकाळी मनाली सोडून संध्याकाळी सरचूच्या तंबूत पोचतात. रस्ता सोपा झाला, शरीराची अडचण वाढली. म्हणून जाताना श्रीनगर, येताना मनाली. उतरताना सरचूला मुक्काम करायचाच नाही, लेहहून पहाटे निघून थेट जिस्पा किंवा केलाँग.

डॉक्टरांकडे निघण्याच्या महिनाभर आधी जा, आदल्या आठवड्यात नको. रक्तदाब, दमा, हृदयाचा जुना त्रास, हिमोग्लोबिन कमी असणं, गरोदरपण हे सगळं त्यांच्यासमोर बोला. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल त्यांनाच विचारा आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आठवणीने सांगा. मेडिकलवाल्याकडून परस्पर पट्टी घेऊन सगळ्यांना वाटू नका. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या दिवशी लेहमध्ये बऱ्याच जणांना होतं, आणि विश्रांतीने जातं. चालताना झोकांडी जाणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकला थांबत नाही, बोलण्यात गोंधळ, यापैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटं बरं वाटायला ठीक आहेत, त्यांच्या भरवशावर कोणाला वर ठेवू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही, ते नुसतं चिडचिड करतं. एवढ्या लहान मुलांना घेऊन पँगाँगला मुक्काम करू नये असं मला वाटतं, मग बाकीच्यांचा कितीही हिरमोड होवो.

एक गोष्ट पुण्यातच, सगळ्यांना समोर बसवून ठरवा: 'परत फिरूया' असं कोणीही म्हणालं, तर वाद न घालता गाडी वळवायची. खारदुंग लाच्या पाटीपासून दहा किलोमीटरवर हे कोणी ठरवू शकत नाही. तसंच, घाटात नीट गाडी चालवणारे किमान दोघं हवेत. 'मला सवय आहे, मी एकटा नेतो' म्हणणारा मेहुणा असेल तर त्याला शनिवारी ताम्हिणीतून माणगाव, तिथून महाडला उतरून वरंधा घाटाने भोरला आणा (घाट सुरू असल्याची खात्री करून), आणि रविवारी तेच उलट करायला सांगा. उतारावर तो ब्रेक दाबत येतो की खालच्या गिअरात, हे बघा. ब्रेक दाबत येणाऱ्याला सीट मागची.

गाडीचं तुलनेने सोपं आहे. लेहला एसयूव्हीच लागते असं नाही, हॅचबॅक रोज पोचतात. फक्त पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, त्यामुळे टर्बो नसलेलं छोटं पेट्रोल इंजिन चढावर पहिल्या गिअरात रडत चढतं. अशा गाडीत चार माणसं, पाचवं नको, आणि टपावर कॅरिअर नको. सर्व्हिसिंग निघण्याच्या तीन आठवडे आधी करा म्हणजे मधल्या काळात चूक राहिली असेल तर कळेल. कूलंट, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, क्लच, बॅटरी, पट्टे, वायपर. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुनं झालं की लांब उतारावर गरम होऊन पेडल पोकळ लागतं, तेव्हा दोन वर्षं झाली असतील तर बदलूनच घ्या. सुटे पट्टे, बल्ब, फ्यूज, होज पाइप, क्लॅम्प नाना पेठेत मिळतात. गाडीचं वर्ष सांगून घ्या, नुसतं मॉडेल सांगून नको.

टायर निम्म्याहून जास्त झिजलेले असतील तर नवे. मग एका संध्याकाळी पार्किंगमध्ये स्टेपनी स्वतः बदला, कोणाची मदत न घेता. या एका कामात जॅक चालतो का, पाना नटला बसतो का, नट गंजलेत का, स्टेपनीत हवा आहे का, सगळं कळतं. बऱ्याच नव्या गाड्यांची स्टेपनी बारीक असते आणि ताशी ऐंशीच्या आत चालवायची असते. अशी असेल तर टायरवाल्याला विचारून पूर्ण मापाचं चाक बरोबर घेता येईल का बघा. पंक्चर किट आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच. टो करायचा हूक सुटा येतो, बंपरमधलं झाकण काढून तो फिरवून बसवायचा असतो. तो टूलकिटमध्ये आहे ना बघा, जुनी गाडी घेतलेल्यांनी तर नक्कीच.

पुण्यात सीएनजीवाले खूप, त्यांच्यासाठी वेगळं. लाहौल आणि लडाखमध्ये सीएनजी विसरा. सगळा डोंगर पेट्रोलवर चढायचा आहे, आणि वर्षभर सीएनजीवर पळालेली गाडी पेट्रोलवर कशी वागते ते आधी महिनाभर चालवून बघा. सिलेंडरने डिकी खाल्लेली असते हेही सामान ठरवताना धरा. डिझेलच्या नव्या गाड्यांना डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) लागत असेल तर त्याचा एक कॅन जास्त.

इंधनाचा हिशोब कागदावर मांडा. केलाँगच्या अलीकडे तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. सपाटीवर पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी इथे अकरा धरा. ३६५ ला अकराने भागलं की तेहेतीस लिटर, म्हणजे बहुतेक टाक्यांत बसतं. खरी ओढाताण लेहच्या पुढे. पँगाँग, चुशूल, हानले, त्सो मोरिरी करून लेहला परत येईपर्यंत सहा-सातशे किलोमीटर होतात आणि मध्ये पंप मिळेलच असं धरून चालू नये. इथे कॅन लागतो. लोखंडी घ्या, काठोकाठ भरू नका, आणि पाण्याच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये पेट्रोल नेऊ नका.

ओढे ओलांडण्याचं वेळापत्रक सूर्य ठरवतो. सकाळी बर्फ गोठलेला असतो, पाणी घोट्याइतकं. दुपारी दोननंतर तेच पाणी गुडघ्यावर येतं. म्हणून डोंगरात पाच-साडेपाचला निघायचं आणि तीनपर्यंत मुक्कामाला. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी ओढलं जातं. या नुकसानीला साधी विमा पॉलिसी सहसा पैसे देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम असतं. पॉलिसी काढून ते आहे का बघा, आणि रोडसाइड असिस्टन्सवाले किती किलोमीटरपर्यंत टो करतात ते वाचा. पन्नास असेल तर ती सेवा तुमच्यासाठी नाही असं समजा आणि खात्यात क्रेनचे पैसे वेगळे ठेवा.

कागद: आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी, आधार. मोबाइलमध्ये असले तरी छापील प्रतीही, कारण चेकपोस्टला नेटवर्क असतंच असं नाही. नुब्रा, पँगाँग, हानलेकडची परमिटं ऑनलाइन निघतात, त्यांच्या पाच-सहा प्रती काढा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, अगदी वडिलांच्या असली तरी, सहीचं पत्र घ्या. भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी लडाखात फिरवायला स्थानिक टॅक्सीवाले हरकत घेतात, हे पुण्यात पैसे भरण्याआधी माहीत असू द्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, तेव्हा निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, वेगवेगळ्या कंपन्यांचं. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. रोख पैसे दोन जागी.

खाण्याचं पुणेकराला सांगायला नको, डिकी भडंग आणि लाडवांनी भरलेलीच असते. चितळ्यांच्या बाकरवडीचं पाकीट वर फुग्यासारखं टरारतं, घाबरू नका. एकच सुचवणं: स्वतः रांधणार असाल तर छोटा कुकर न्या. लेहमध्ये पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

शेवटी घरी राहणाऱ्यांसाठी एक कागद. रोजचा मुक्काम, गाडीचा नंबर, सगळ्यांचे फोन, रक्तगट, विम्याचा क्रमांक. त्यावर ठळक लिहा की एक रात्र फोन आला नाही तर काळजी करायची नाही, सलग दुसरीही गेली तर शेवटच्या मुक्कामाच्या हॉटेलला आणि मग पोलिसांना विचारायचं. हा कागद आईला देऊ नका, ती पहिल्याच रात्री फोन लावत बसेल. शेजारच्या काकांना किंवा शांत डोक्याच्या भावाला द्या. गाडीची दुसरी चावी चालवणाऱ्याकडे नको, मागच्या सीटवरच्या कोणाच्या तरी खिशात, आणि तिच्या रिमोटचा सेल निघण्याआधी बदलून घ्या.