गहू बंद झाल्यावर घर कसं चालवायचं: हिंग, गिरणी, पोळपाट आणि प्रसाद

माझ्या मुलीला सातव्या वर्षी सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गहू खाल्ला की आतड्याला इजा होते तो आजार, आता ती बारा वर्षांची आहे. या पाच वर्षांत जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, कारण पहिल्या दोन महिन्यांत मला कुणी हे मराठीत, आपल्या स्वयंपाकघराच्या हिशोबाने सांगितलं असतं तर लेकीचे पोटदुखीचे बरेच दिवस वाचले असते.

सगळ्यात आधी हे वाचा. नुसता संशय असेल आणि तपासणी झाली नसेल तर गहू बंद करू नका. रक्ताची टीटीजी टेस्ट (या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटिबॉडीचा आकडा मोजतात, सोबत टोटल आयजीए ही दुसरी तपासणी पण बघतात) आणि एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासतात ते, हे दोन्ही गहू खाण्यात असतानाच बरोबर येतं, आधीच बंद केला तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग परत काही आठवडे गहू खाऊन टेस्ट करायची पाळी येते, ती फार वाईट. आणि घरात एकाला निघाला की आईवडील, सख्खी भावंडं सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, काही त्रास नसला तरी घ्या.

हा आजार म्हणजे अ‍ॅलर्जी नाही. गहू, जव आणि राय (हे परदेशी धान्य, मोहरीची राई नव्हे) या धान्यांमधलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, आणि हे आयुष्यभराचं आहे, औषध एकच, ते म्हणजे ग्लुटेन पूर्ण बंद. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय" हे वाक्य तुम्हाला शंभर वेळा ऐकावं लागणार आहे म्हणून आकडा लक्षात ठेवा. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं तरी तीन महिन्यांत आतड्याला इजा होते असं 2007 च्या एका अभ्यासात दिसलंय. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम असतं, म्हणजे 50 मिलिग्रॅम म्हणजे स्लाइसचा चाळिसावा तुकडा. चिमूटभर कणकेतही जवळपास तेवढं भरतं. हा हिशोब मी फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

आता चांगली बाजू. आपण भाकरीवाले लोक आहोत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, पोहे, यात मुळात ग्लुटेन नाही. पिठलं-भाकरी, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, वरणभात, साबुदाण्याची खिचडी, म्हणजे वेगळं महागडं काही आणायचं कारणच नाही. उपवासाचं फडताळ तर आमच्यासाठी अर्धं किराणा दुकान आहे. फक्त खपली गव्हाच्या नादी लागू नका. "खपली पचायला हलका, तो चालतो" असं खूप जण छातीठोक सांगतात पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, सिलिअ‍ॅकला अजिबात चालत नाही. दलिया, लापशी, शेवया, रवा हेही गव्हाचंच, हे लिहायला नको खरं तर, पण मला स्वतःला एका शिकलेल्या बाईंनी विचारलं होतं की "रवा पण नाही?"

भाकरी येत नसेल तर ती शिकणं हे पहिलं काम. पीठ ताजं हवं, आठ-दहा दिवसांच्या वर गेलं की ज्वारीच्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी कडेने फाटते. मी काय करते, पाण्याला उकळी आली की मीठ घालून गॅस बंद करते, त्यात तेवढंच पीठ टाकून उलथन्याच्या दांड्याने ढवळते, झाकून पाच मिनिटं ठेवते आणि मग परातीत घेऊन तळहाताने चांगलं रगडून मळते, गोळा लोण्यासारखा मऊ लागला की समजायचं झालं. अशी उकड काढून केली की लाटता पण येते, थापायलाच हवी असं नाही, आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. पोळीसारखी घडी हवी असेल तर पिठात चमचाभर इसबगोल घाला, तो चिकटपणा धरतो. आमच्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी येते, तिची भाकरी गोड लागते, मिळाली तर तीच घ्या.

पण ज्वारी आणली आणि दळायला गिरणीत दिली की सगळं मुसळ केरात. गिरणीत आधी गहू दळलेला असतो, दगडांमध्ये आणि पीठ पडायच्या कापडी तोंडात ते पीठ अडकलेलं असतं आणि ते तुमच्या ज्वारीत उतरतं. गिरणीवाल्या काकांना मी विनवून बघितलं की सकाळी सगळ्यात आधी आमचं दळण घ्या, ते घ्यायचे पण बिचारे, तरी आदल्या रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचंच असायचं ना. शेवटी घरघंटी घेतली. खर्च आहे, पण माझं मत विचाराल तर मिक्सर, ओव्हन, तयार ग्लुटेन-फ्री पिठं या सगळ्याच्या आधी घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू एकदाही दळू नका, शेजारणीला नाही म्हणायला लागलं तरी म्हणा. आणि ज्वारी ताटात पसरून निवडून घ्या. एकाच दुकानात, एकाच मापाने सगळं धान्य काढतात, मला एकदा पाच किलोत मूठभर गहू सापडले होते.

आता हिंग. पहिले सहा महिने आम्ही सगळं काटेकोर केलं, घरात पोळी बंद, बाहेरचं बंद, आणि सहा महिन्यांनी टीटीजी केली तर आकडा जेमतेम उतरलेला. डॉक्टर म्हणाले काहीतरी जातंय पोटात. मी घरातला एकेक डबा काढून ओट्यावर मांडला आणि मागची बारीक अक्षरं वाचत गेले, तेव्हा रोज फोडणीत पडणाऱ्या हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं दिसलं. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधणी हिंग असतो, म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि कसलं तरी पीठ, ते मैद्याचं किंवा कणकेचं असू शकतं. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तो बघून घ्या. खडा हिंग म्हणजे शुद्ध असंही धरून चालू नका, बांधणी हिंगाचे खडेही येतात. आणि हे एकदा कळलं की मग लोणचं, तयार ताक, पापड, सांबार मसाला, सगळीकडे हिंग दिसायला लागतो. हिंग बदलल्यावर पुढच्या टेस्टला आकडा चांगला खाली आला.

म्हणूनच सांगते, पहिल्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा टीटीजी करत चला, पोट दुखत नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं. सोबत हिमोग्लोबिन, आयर्न, बी-12, डी जीवनसत्त्व हे पण बघतात कारण आतडं खराब असताना हे काहीच नीट शोषलं जात नाही. सुरुवातीला दूध पचलं नाही तर घाबरू नका, आतडं भरून आलं की बहुतेकांना परत पचायला लागतं. आणि नुसत्या भातावर राहू नका, बद्धकोष्ठ होतो, नाचणी-बाजरी खाण्यात ठेवा.

घरात बाकीचे गहू खाणार असतील तर भांडी वेगळी करावीच लागतात. लाकडी पोळपाट-लाटणं कितीही धुतलं तरी भेगांमधलं पीठ निघत नाही, तिचं वेगळं घ्या. चाळण वेगळी, तवा वेगळा, परात वेगळी. लोणी, तूप, जॅमच्या बाटलीत पोळीचे कण लागलेला चमचा जातो, म्हणून तिची बाटली वेगळी, आम्ही झाकणाला लाल टेप लावलाय. भाकरी आधी करायची, ती झाकून ठेवायची, मग कणीक काढायची, कारण कोरडी कणीक उडते आणि ओट्यावर सगळीकडे बसते. सासूबाईंना हे क्रॉस कंटॅमिनेशन, म्हणजे गव्हाचा कण तिच्या जेवणात मिसळणं, मी खूप समजावलं, त्यांना पटत होतं पण लक्षात राहत नव्हतं. मग एक दिवस म्हटलं, आई, हे तिचं सोवळं समजा, गव्हाच्या हाताने शिवायचं नाही. त्या दिवसापासून एकदाही चूक झाली नाही. तुमच्या घरात मोठी माणसं असतील तर हे करून बघा.

आपल्याच पदार्थांमध्ये गहू कुठे लपतो ते नीट लक्षात ठेवा. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू घालतात, मेतकुटात घालतात, सातूचं पीठ तर गहू आणि डाळव्याचंच, मेथीच्या लाडवात कणीक, डिंकाच्या लाडवातही काही जण घालतात, बेसनाच्या लाडवात कधी कधी रवा असतो, मालवणी वड्याच्या पिठात घरोघरी वेगळं असतं तेव्हा विचारा. कुरडई गव्हाच्या चिकाची असते हे मी विसरून गेले होते, पानात दिसली आणि एकदम आठवलं. भाजणी घरी करा, गहू वगळून तेवढी ज्वारी वाढवायची, चवीत काही फरक पडत नाही. दिवाळीत कढईचा क्रम ठरवून घ्या, चकली, अनारसे, चिवड्याचे पोहे आधी, शंकरपाळे-करंज्या शेवटी, त्यांचं तेल-तूप परत तिच्या कशाला वापरायचं नाही.

दुकानातलं विकत घेताना समोरचं नाव वाचू नका, मागचा मजकूर वाचा. नाचणी बिस्किट, मिलेट कुकीज, मल्टिग्रेन असं मोठ्या अक्षरात असतं आणि मागे पहिलाच घटक मैदा किंवा आटा निघतो. 2023 मिलेट वर्ष होतं तेव्हापासून हे खूपच वाढलंय. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव, त्यामुळे दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी आणि बरेचसे कॉर्नफ्लेक्स बाद. सोया सॉसमध्ये गहू असतो म्हणून चायनीज बाद. ओट्स साधे घेऊ नका, ते गव्हाच्या संगतीतच येतात. ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे, तेव्हा तो शब्द छापलेला असेल तेच घ्या. औषधांचं केमिस्टला आणि डॉक्टरांना दर वेळी आठवणीने सांगा.

सगळ्यात अवघड आहे ते प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि प्रसाद नाकारायचा म्हणजे लोकांच्या कपाळाला आठ्या. आम्ही असं करतो की द्रोण दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि बाबाला द्यायचा, स्वतः केळं किंवा खडीसाखर घ्यायची. कुणाचा अपमान होत नाही. आमच्या घरच्या पूजेला सव्वाच्या मापाने तांदळाच्या रव्याचा शिरा करते, गुरुजींना आधीच विचारलं होतं, ते म्हणाले चालतो. गौरीला पुरणपोळी बाकीच्यांना, तिला तांदळाच्या उकडीत पुरण भरून.

हॉटेलात "ग्लुटेन" म्हणू नका, वेटरला ते कळत नाही आणि तो हो म्हणून मोकळा होतो. "गहू, मैदा, रवा पोटात गेला की मुलगी आजारी पडते, ग्रेव्हीत मैदा आहे का, डोसा कोणत्या तव्यावर होतो, रवा डोसा त्याच तव्यावर का" असं विचारा. बटाटेवडा बेसनाचा असला तरी तेल कचोरी-समोशाचं असतं. खात्री वाटली नाही तर उठा, घरचा डबा गाडीत असू द्या. प्रवासाला मी ज्वारीच्या दशम्या करते, दुधात गुळ विरघळवून त्यात पीठ भिजवायचं, दोन दिवस टिकतात, शिवाय शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली अंडी, केळी.

शाळेत वर्गशिक्षिकेला दर वर्षी नव्याने भेटून डॉक्टरांचं पत्र द्यायचं. डबा वाटून खायचा नाही हे लहान मुलाला सांगणं जड जातं, म्हणून मी तिच्या डब्यात जास्तीचं घालते, ती देऊ शकते, घेत नाही. वर्गात कुणाचा तरी वाढदिवस असतोच, केक येतो, तेव्हा बाईंच्या कपाटात तिच्या नावाचा एक डबा ठेवलेला असतो, त्यात राजगिऱ्याची चिक्की आणि चार चॉकलेटं, घटक वाचून घेतलेली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तो भरून देते.