सरकारी आरोग्य विम्यावरचं भाषण कसं ऐकावं

मी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसते, म्हणून सांगते: विम्याचा मोठा आकडा ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, पैसा कुठून येणार? जर्मनीत 1883 च्या कायद्यापासून कामगार आणि मालक वर्गणी भरतात. ब्रिटनची 1948 ची आरोग्यसेवा मुख्यतः करांवर चालते. पैसा उभा करण्याच्या या दोन वेगळ्या वाटा आहेत; नेते दोन्ही उदाहरणं एकाच दमात देतात, तिथेच थांबवा आणि विचारा, यातली तुमची कुठली?

मग विचारा, ओपीडी आणि औषधं धरली आहेत का? भरतीचं बिल शून्य आलेला पेशंटही डिस्चार्जनंतर महिनोन्‌महिने गोळ्या विकत घेतो. नातेवाईक काउंटरवर चिठ्ठी पुढे करून विचारतात, ‘यातली कुठली टाळली तर चालेल?’ जीव तुटतो.

विरोधकांनाही सोडू नका. ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्याला विचारा, आज तो खर्च कोण भरतंय?