डाउनलोडला किती वेळ लागेल? छोट्या पायथॉन स्क्रिप्टने काढा अंदाज

कनेक्शन ४० एमबीपीएसचे, फाइल ६ जीबीची. म्हणजे अडीच मिनिटांत काम फत्ते, असा हिशेब बरेच जण करतात. प्रत्यक्षात साडेएकवीस मिनिटे लागतात, आणि तीही सगळे सुरळीत चालले तर.

गोंधळ एककांचा आहे. नेट कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये असतो. १ बाइट म्हणजे ८ बिट. त्यात विंडोज १ जीबी मोजताना १०२४ चा गुणाकार तीनदा करते, तर मॅक आणि नेट कंपन्या १००० च्या पटीत मोजतात. या दुसऱ्या फरकाने सुमारे ७ टक्के इकडेतिकडे होतात. आठपट चूक मात्र सगळा अंदाजच कोसळवते.

पहिली पायरी: साधा भागाकार

पायथॉन ३ मध्ये नवी फाइल उघडा. इनपुट फंक्शनने आकार आणि वेग विचारा, फ्लोटने त्यांचे आकड्यांत रूपांतर करा. मग दोन ओळी पुरतात:

बिट = आकार × १०२४ × १०२४ × १०२४ × ८
सेकंद = बिट ÷ (वेग × १०००००० × ०.९)

गुणाकारासाठी चांदणी आणि भागाकारासाठी तिरकी रेघ वापरा. व्हेरिएबलची नावे मराठीत ठेवली तरी पायथॉन ३ ला चालतात, आणि कोणी '४०' असे देवनागरीत टाइप केले तरी फ्लोट ते ओळखते. आपल्या घरच्या स्क्रिप्टमध्ये ही चैन जरूर करावी.

ते ०.९ कशाला? डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि इतर मजकूर चिकटवलेला असतो, तोही तुमच्याच वेगातून जातो. थोडी गळती वायफायची. दहा टक्के सोडून दिले की ६ जीबीचे उत्तर २३ मिनिटे ५२ सेकंद येते. मिनिटे-सेकंद वेगळे करायला डिव्हमॉड फंक्शन आहे.

दुसरी पायरी: मोबाइल डेटाचा हिशेब

हॉटस्पॉटवरून उतरवत असाल तर वरचा भागाकार फसवा ठरतो. अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणून स्क्रिप्टला तिसरा प्रश्न विचारायला लावा: आज किती डेटा शिल्लक आहे? मग फाइलचे दोन तुकडे करा. कोट्यात बसणारा पूर्ण वेगाने, उरलेला ६४ केबीपीएसने.

समजा फाइल २ जीबीची, शिल्लक दीड जीबी आणि वेग १६ एमबीपीएस. सोपे जावे म्हणून इथे १००० च्या पटीत मोजू आणि दहा टक्क्यांची वजावटही धरायची नाही. पहिला दीड जीबी साडेबारा मिनिटांत येतो. उरलेल्या अर्ध्या जीबीला लागतात ६२,५०० सेकंद, म्हणजे सतरा तासांहून जास्त! अशा वेळी स्क्रिप्टने मिनिटे छापत बसू नये. 'कोटा पुरणार नाही' एवढेच सांगावे.

तिसरी पायरी: चालू डाउनलोडवर नजर

इथे मात्र स्क्रिप्ट खरी उपयोगी पडते, कारण ती जाहिरातीतल्या वेगावर अवलंबून राहत नाही. अर्धवट उतरलेली फाइल डिस्कवर असते: क्रोममध्ये तिच्या नावाला 'सीआरडाउनलोड' हे शेपूट असते, फायरफॉक्समध्ये 'पार्ट'. ओएस मॉड्यूलमधल्या पाथ विभागातले गेटसाइझ वापरून तिचा आकार घ्या, टाइम मॉड्यूलमधल्या स्लीपने १० सेकंद थांबा, पुन्हा आकार घ्या. फरक भागिले १० हा ताजा वेग. उरलेले बाइट भागिले वेग हा उरलेला वेळ. हेच लूपमध्ये फिरवा.

पण ताजा वेग सारखा उड्या मारतो, त्यामुळे अंदाजही पाच मिनिटांवरून अर्ध्या तासावर जातो आणि परत येतो. उपाय एका ओळीचा आहे:

वेग = ०.७ × जुना वेग + ०.३ × ताजा वेग

जुना वेग सेकंदाला ३ एमबी होता आणि ताजा १ एमबी निघाला, तर स्क्रिप्ट २.४ धरते. ०.३ वाढवले तर अंदाज चपळ होतो, कमी केले तर शांत. रात्री फाइल लावून झोपणार असाल तर ०.१ पुरे.

वेग शून्य आला तर भागाकार अडून स्क्रिप्ट बंद पडेल; त्याआधी एक 'इफ' टाकून 'थांबले आहे' असे छापा. टोरंटला ही युक्ती नेहमी लागू पडत नाही. काही टोरंट प्रोग्राम सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा अडवून ठेवतात, मग आकार वाढताना दिसतच नाही. आणि सर्व्हरने फाइलचा एकूण आकारच कळवला नसेल, तर उरलेला वेळ ब्राउझरलाही सांगता येत नाही. तेव्हा किती उतरले आणि किती वेगाने, एवढेच छापा.