ओपन एन्रोलमेंटमध्ये आरोग्य योजना निवडताना
अमेरिकेत नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा ओपन एन्रोलमेंटच्या, म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या योजना-निवडीच्या, मुदतीतच निवडावा लागतो आणि ती उलटून गेल्यावर लग्न, अपत्यजन्म किंवा आधीचा विमा संपणे अशा मोजक्या कारणांशिवाय वर्षभर बदल करता येत नाही; म्हणून गेल्या वर्षीचीच योजना डोळे झाकून पुढे चालू ठेवू नये.

पगारातून कापला जाणारा हप्ता पाहून निर्णय घेणे फसवे ठरते. समजा, एका योजनेचा मासिक हप्ता १०० डॉलर व डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे देऊ लागण्याआधी उपचारांवर स्वतः करायचा वार्षिक खर्च) ३,००० डॉलर आहे, तर दुसरीचा हप्ता २५० व डिडक्टिबल ५०० डॉलर आहे. दुसरीसाठी वर्षाला १,८०० डॉलर जास्त मोजावे लागतात, ते नक्की. डिडक्टिबलमधले २,५०० डॉलर मात्र उपचारांचा खर्च ३,००० डॉलरपर्यंत गेला तरच पूर्ण वाचतात. बाळंतपण किंवा ठरलेली शस्त्रक्रिया समोर असेल, तर हा हिशेब बहुधा दुसऱ्या योजनेकडे झुकतो. मोठ्या आजारपणाच्या दृष्टीने आउट-ऑफ-पॉकेट मर्यादा, म्हणजे वर्षभरात उपचारांसाठी स्वतःच्या खिशातून जास्तीत जास्त किती भरावे लागेल ती रक्कम, तपासावी. माझ्या मते हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपले डॉक्टर त्या योजनेच्या नेटवर्कमध्ये (योजनेशी करार असलेल्या डॉक्टरांमध्ये) आहेत का, हे दवाखान्यात फोन करून विचारावे आणि नेहमीची औषधे योजनेच्या यादीत शोधावीत. एचएसए आणि एफएसए ही उपचारखर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवण्याची खाती आहेत; एचएसएमधील शिल्लक पुढील वर्षी टिकते, एफएसएमधील बरीचशी बुडू शकते. त्यामुळे एफएसएमध्ये खात्रीच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवावी.