कॅम्पर व्हॅनमधील इन्व्हर्टर: जोडणी आणि अर्थिंग

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत बिछाना, ओटा आणि १२ व्होल्टची बॅटरी बसवून झाली की इन्व्हर्टरचे काम बहुधा घरगुती इन्व्हर्टर बसवणाऱ्या वायरमनकडे जाते. त्याचा हात सरावलेला असतो; पण घरात अर्थिंग आणि खांबावरून आलेला न्यूट्रल आधीपासूनच असतो, तर रबरी टायरांवर उभ्या गाडीत यातले काहीच नसते. येथे १००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) इन्व्हर्टर गृहीत धरला आहे.

आधी बॅटरीकडची बाजू पूर्ण करावी. पूर्ण भारावर २३० व्होल्टच्या बाजूला जेमतेम साडेचार अँपिअर वाहतात, पण १२ व्होल्टच्या बाजूला, इन्व्हर्टरमधील घट धरून, शंभराच्या आसपास. त्यासाठी ३५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची तांब्याची केबल घ्यावी, थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) नीट क्रिंप करावेत, म्हणजे दाबून घट्ट बसवावेत, आणि जाण्या-येण्याची मिळून लांबी ३ मीटरच्या आत ठेवावी. त्याच अंतराला १० चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो, म्हणजे पन्नासेक वॅट उष्णता, तीही बिछान्याखालच्या बंद खणात. निगेटिव्हची केबलही तितकीच जाड आणि स्वतंत्र असावी. परतीचा मार्ग म्हणून चॅसी (गाडीचा धातूचा सांगाडा) वापरू नये. १५० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच बसवावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये केबल घासून पत्र्याला टेकली तर प्रवाह थांबवणारे काहीच नसते. बॅटरी लिथियमची असेल तर क्लास टी फ्यूजच (फार मोठा शॉर्टसर्किट प्रवाहही तोडू शकणारा) घ्यावा.

अर्थिंगमध्ये सर्वाधिक हयगय होते ती इन्व्हर्टरच्या खोक्यावरील अर्थ टर्मिनलबाबत. तेथे घरच्यासारखी दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची हिरवी वायर लावली जाते. पॉझिटिव्ह केबल सुटून खोक्याला टेकली, तर फ्यूज उडण्याआधी ही बारीक वायरच जळून जाईल आणि खोके अर्थविना राहील. म्हणून ही वायर बॅटरी केबलच्या तोडीची, किमान १६ चौरस मिलिमीटरची असावी. चॅसीवर जागा निवडून रंग लखलखीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसावा आणि वरून रंग मारावा. सीटचा बोल्ट या कामी घेऊ नये. बॅटरीचा निगेटिव्हही चॅसीला एकाच ठिकाणी जोडावा.

आता २३० व्होल्टची बाजू; हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. अनेक इन्व्हर्टरच्या आउटपुटचा अर्थशी काहीही संबंध नसतो. अशा वेळी मिक्सरच्या बॉडीत फेज उतरला तरी प्रवाहाला परतीची वाट नसते आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) उडत नाही. म्हणून इन्व्हर्टरच्या बाहेर पडताच न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडावेत. पण त्याआधी माहितीपुस्तिका वाचावी, कारण काही इन्व्हर्टरमध्ये ही जोडणी आतच असते आणि काही स्वस्त इन्व्हर्टर अशा जोडणीने जळतात. त्यापुढे इन्व्हर्टर किंवा बाहेरची वीज यांतील एक निवडणारा दोन पोलचा चेंजओव्हर स्विच, मग ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, एमसीबी (जादा प्रवाहावर पडणारा स्विच) आणि शेवटी सॉकेट असा क्रम ठेवावा. चेंजओव्हरने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात, त्यामुळे बाहेरचा पुरवठा घेताना गाडीतली न्यूट्रल-अर्थ जोडणी आपोआप बाजूला पडते आणि इन्व्हर्टरवर उलटी वीजही येत नाही. अर्थची वायर मात्र कोणत्याही स्विचमधून नेऊ नये.

तपासणी मल्टिमीटरने करावी. सर्व बंद असताना खोके आणि चॅसी यांमधील रोध एक ओहमहून कमी हवा. चालू केल्यावर फेज-अर्थ २३० व्होल्ट आणि न्यूट्रल-अर्थ जवळजवळ शून्य दिसावे. दोन्हीकडे निम्मे-निम्मे दिसल्यास जोडणी झालेली नाही. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून समाधान मानू नये, कारण ते आतल्या आत प्रवाह वळवते आणि अर्थ तुटलेला असतानाही उडवून दाखवते. सॉकेटमध्ये लावायचा आरसीसीबी टेस्टर फेजमधून खरोखर अर्थकडे गळती करतो. त्यावर ती उडाली पाहिजे.

ढाब्यावर किंवा रिसॉर्टमध्ये बाहेरून वीज घेताना तिथल्या सॉकेटवरही हीच मोजमापे घ्यावीत. तिथला अर्थ गाडीच्या चॅसीला जोडला जातो, त्यामुळे त्यात फेज आलेला असेल तर अख्खा पत्रा जिवंत होतो. अर्थ मिळत नसेल तर प्लग लावू नये, बॅटरीवरच भागवावे.